तेरा अक्षरं आणि डावा डोळा

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. हे पत्र तू नेहमीप्रमाणे ताईला मोठ्याने वाचून दाखवशीलच, म्हणून आधी तिच्यापुरतं लिहितो. ताई, तुझा धाकटा भाऊ चौसष्टाव्या वर्षी अजून शिडी चढतो, अजून सरळ रेघ मारतो आणि अजून बायकोची बोलणी खातो. तिन्ही गोष्टी जोरात चालू आहेत. तुझे गुडघे कसे आहेत ते ठकूकडून कळव. ती आपल्या मनाने लिहिते तेव्हा तुझी तब्येत नेहमी 'छान' असते.

आता बातमी. आमच्या इथे डोळ्यांच्या इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली आहे आणि तिच्या कपाळावर नाव रंगवायचं काम माझ्याकडे आलं आहे. हल्ली जो तो छापील फलक ठोकून मोकळा होतो. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा जुन्या वाचनालयावरचा बोर्ड पाहिला आणि म्हणाल्या, मला भिंतीवर हाताने काढलेलीच अक्षरं हवीत. तिसऱ्या मजल्याची उंची, हातभर उंचीचं एकेक अक्षर आणि शब्द केवढा, तर मालगाडीएवढा. ऑफ्थॅल्मॉलॉजी! डोळ्याएवढ्याशा वस्तूला एवढं लांब नाव. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि ठकू, पहिल्याच दिवशी भांडण. तिथल्या कारकुनाने चिठ्ठीवर शब्द लिहून दिला, तो मी सवयीप्रमाणे मोजला. बारा अक्षरं. मी त्याला म्हटलं की साहेब, यात एक एच कमी आहे, पी आणि टी यांच्यामध्ये. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला की पेंटरने ब्रश चालवावा, डोकं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता शिकलो. पण चुकीचं अक्षर हातातून उतरायला लागलं की माझं मनगटच अडतं.

घरी येऊन रद्दीवाल्याकडून आणलेला जाडा कोश काढला. मूळ शब्द ग्रीक निघाला. ऑफ्थाल्मॉस म्हणजे डोळा आणि लोगॉस म्हणजे त्याबद्दलचा विचार, ज्ञान. गंमत पुढे आहे. ग्रीकांकडे आपल्यासारखंच फ ला एक अक्षर होतं आणि थ ला एक अक्षर होतं. रोमन लोकांकडे ती दोन्ही नव्हती. मग त्यांनी काय केलं, तर प शेजारी ह उभा केला, त शेजारी ह उभा केला आणि काम भागवलं. म्हणून त्या शब्दात दोन एच. लोक घाईत पहिला एच खाऊन टाकतात, कारण जिभेला तो जड जातो. आपल्याला हे किती सोपं बघ, फ आणि थ दोन्ही घरचेच! तू तर डोळ्यांच्याच दवाखान्यात आहेस. तुझ्या डॉक्टरांना विचारून मला पक्कं कळव, म्हणजे त्या कारकुनाचं तोंड मला सभ्यपणे बंद करता येईल. वीस तारखेला चढायला बांबूंची परांची बांधून होईल आणि काम सुरू.

बाकी ठीक. तुझी मामी म्हणते मी वेंधळा होत चाललो. परवा दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला, तर म्हणाली चौकट चाळीस वर्षं तिथेच आहे. काल एक सायकलवाला भसकन अंगावर आला, घंटी नाही की काही नाही. आणि आज सकाळी कोपराने चहाचा कप खाली पाडला, तेव्हापासून ती माझ्याशी खुणांनीच बोलते आहे.

ताईला नमस्कार, तुला आशीर्वाद. दोघींचा लोभ उतू जाईपर्यंत असाच राहो.

तुझा मामा

---

ता. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

ठकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं बरोबर, कारकुनाचं चूक. तेरा अक्षरं, दोन एच. आमच्या डॉक्टरांना तुमचं ग्रीक-रोमन प्रकरण सांगितलं तर ते हातातलं काम टाकून उठले. मग कपाटातून स्वतःची जुनी शिक्क्याची पेटी काढून बघितली. शिक्क्यात एच नव्हता! अकरा वर्षं सर्टिफिकिटांवर तो शिक्का मारतो आहोत आम्ही. नवा करायला टाकला आहे, आणि तुमच्या मामांना माझा नमस्कार कळवा असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आता दुसरं. हे लिहिताना हात आखडतो आहे, पण लिहिते.

पत्र आईला वाचून दाखवलं. शब्दाच्या गोष्टीला ती खूप हसली. शेवटचा परिच्छेद वाचला तसा तिने मला तो पुन्हा वाचायला लावला. खांदा कोणता आपटला ते परत वाच म्हणाली. सायकल कुठल्या बाजूने आली, कप कोणत्या हाताकडे होता, हे मला विचारत बसली, जसं काही मी तिथे होते.

मामा, आईला दिसेनासं होऊन नऊ वर्षं झाली. काचबिंदू होता, हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी रोज दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते आणि डोळ्यांतला दाब मोजते, म्हणून तुम्हाला न घाबरवता पण न लपवता सांगते. हा आजार दुखत नाही, डोळा लाल करत नाही. समोरचं अगदी शेवटपर्यंत लख्ख दिसतं. तो नजर कडेकडेने कुरतडतो, आणि कुरतडलेलं परत येत नाही. उरलेलं तेवढं औषधाने वाचवता येतं, वेळेवर गेलं तर. आणि तो भावाबहिणींत असतो.

खांदा, सायकल, कप. तिन्ही डावीकडे असतील तर हा वेंधळेपणा नव्हे.

तुम्ही ज्या इमारतीवर नाव काढणार आहात तिच्या आत जा आणि दाब मोजून घ्या. तोवर परांचीवर चढू नका, पाया पडते. निदान घरी एवढं तरी करा. भिंतीवरच्या घड्याळासमोर सात-आठ पावलांवर बसा, एक डोळा तळहाताने झाका आणि नजर घड्याळावरून न हलवता, आजूबाजूला काय काय दिसतं ते मामींना सांगा. आणि मला लगेच कळवा.

मामींना नमस्कार. लहान तोंडी मोठा घास घेतला आहे, पण माया आहे म्हणूनच घेतला, एवढं ध्यानात असू द्या.

आपली ठकू

---

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र घेऊन मी सरळ कारकुनाच्या टेबलाशी गेलो. त्याने ते वाचलं, मग कुठलंसं पुस्तक उघडून बघितलं, मग मला खुर्ची दिली. चिठ्ठी फाडून नवी लिहून दिली, आणि एवढ्यावर न थांबता मला म्हणाला की काका, तुम्ही इथे प्रूफं तपासायला या. सुंठीवाचून खोकला गेला. तुझ्या डॉक्टरांच्या शिक्क्याची गोष्ट सांगितली तेव्हा तर हापिसातल्या सगळ्यांनी आपापल्या कागदांकडे डोळे फाडून पाहिलं.

तुझी ती घड्याळाची परीक्षाही दिली. आपण पास! मामीला साक्षीला बसवलं. ओळंबा बघताना चाळीस वर्षं मिटतो तसाच डावा डोळा मिटला, वर तू सांगितलास तसा तळहात ठेवला. घड्याळ लख्ख, डावीकडचं कॅलेंडर लख्ख, उजवीकडची खिडकी लख्ख, खिडकीत मामीने वाळत घातलेला माझा फाटका सदरासुद्धा लख्ख. तेव्हा ताईला सांग, तुझा भाऊ ठणठणीत आहे. खांदा आपटला कारण चौकट अरुंद आणि मी रुंद.

वीस तारखेला काम सुरू करतो. भिंतीवर खडूच्या दोरीने वरची-खालची रेघ मारायची, तेरा घरं आखायची, आणि मग एकेक अक्षर. बाईंना निळा हवा आहे. मामी रंग कालवून देणार आहे, तिच्याइतका एकजीव रंग दुसरं कोणी कालवत नाही. हे तिला सांगू नकोस, आधीच भाव खाते.

ताईच्या गुडघ्यांना आणि तुझ्या काळजीला दोन्हीला थोडी विश्रांती द्यावी, ही मामाची आज्ञा समज किंवा विनवणी.

तुझा मामा

(दुसरं पान. हे ताईला वाचून दाखवू नकोस.)

ठकू, एक खरं सांगतो. मला तिथे पेशंट म्हणून जायचं नाही. ज्या पेंटरचे डोळे तपासायला लागतात त्याला भिंत कोण देईल? हातात ब्रश धरल्यापासून मी दुकानं, शाळा, दवाखाने रंगवले, त्यातलं निम्मं पुसलं गेलं किंवा त्यावर फलक बसले. हा एक शब्द मागे राहावा असं वाटतं. तो झाला की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तोवर हे आपल्या दोघांतच ठेव.

---

ता. १८ फेब्रुवारी

चि. ठकूस,

मामीचे आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, यांच्याच पत्राखाली दोन ओळी खरडते. पण हे पत्र यांना न सांगता टाकते आहे.

परवा हे रंगाचं सामान बाहेर काढत होते. शिडी उभी होती डावीकडे, आणि हे सरळ तिच्यात शिरले. कपाळाला टेंगूळ आलं. मला म्हणाले शिडी सरकली. शिडी भिंतीला टेकवलेली असते गं, ती काय पाय फुटून चालत येईल? पायरी उतरताना अलीकडे पाय आधी चाचपडतो. मी चिडवते, वेंधळे म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची भीती वाटते. ताईंचंही असंच सुरू झालं होतं ना? त्या शिवणकाम करताना कात्री हरवायच्या आणि आम्ही सगळे हसायचो.

परवा वीस तारीख. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात आणि ताईंचं ऐकतात. तू काय ते कर, पण लवकर कर. मी रोज परांचीखाली बसणार आहे, पण खाली बसून मी काय झेलणार?

तुझी मामी

---

ता. २० फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

शि. सा. नमस्कार. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही वर चढलेले असाल. तुमच्याकडे फोन नाही, पोस्टाला दोन-चार दिवस लागतात आणि इथे माझा एकेक तास जात नाही. तरी लिहिते.

तुम्ही डावा डोळा मिटलात, मामा. म्हणजे तपासलात उजवा. चूक माझीही आहे, दोन्ही डोळे पाळीपाळीने झाका असं मी लिहायला हवं होतं. रोज शंभर जणांना सांगते आणि घरच्या माणसाला अर्धंच सांगितलं. पण तुमचं लक्षात येतंय का? तुम्ही चाळीस वर्षं कामाच्या वेळी डावा डोळा मिटत आलात. त्याचं काय झालं हे तुम्हाला कधी कळायची सोयच नव्हती. उजवा सगळं काम ओढतो आहे आणि डाव्याची गैरहजेरी झाकतो आहे.

जमिनीवर असताना, बसून, उजवा डोळा झाका. फक्त एवढंच.

दुसऱ्या पानाचं सांगते. मी पहिलं पान वाचून घडी घातली तर आई म्हणाली की दोन कागदांचा आवाज आला, दुसरा वाच. मी म्हटलं कोरा आहे. ती म्हणाली की कोरा कागद पाठवण्याइतका माझा भाऊ उधळ्या नाही. मग वाचावा लागला. मामींचं पत्र आज आलं तेही वाचलं. त्यानंतर तिने मला कागद घ्यायला सांगितला. पुढचं तिचं आहे, ती सांगते तसं लिहिते आहे. मध्ये एक शब्द घालायची मला बंदी आहे.

*

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

तू लपवतोस ते मला कळतं, कारण मी तुझ्याआधी लपवलं आहे. लोक म्हणतात ताईची नजर एकाएकी गेली. एकाएकी काही गेली नाही. दोन वर्षं मी दारांना धडकत होते. सुई समोर असायची, कात्री बाजूला ठेवली की नाहीशी व्हायची. मला वाटलं, कुणाला सांगितलं तर शिवायला कपडे येणं बंद होईल. जिच्या डोळ्यात दोष तिच्याकडे कापड कोण टाकेल? तू दुसऱ्या पानावर जे लिहिलंस ते शब्दसुद्धा माझेच आहेत रे. मी ते मनात म्हणत होते, तू कागदावर लिहिलेस, एवढाच फरक.

मी शेवटचं शिवलं ते ठकूचं कामावर जायचं पोलकं, निळं. ते बरं झालं का वाईट, मला ठाऊक नाही. ती चांगलंच झालं म्हणते. तुझा शब्द चांगला झाला की नाही, हे तुला दुसऱ्याने सांगावं अशी तुझी इच्छा आहे का?

मी थोरली आहे. आजवर तुला कधी आज्ञा केली नाही, लाडच केले. आता करते. खाली उतर आणि आत जा.

ताई

*

मामा, आईने सही स्वतः केली आहे. ओळ थोडी वर गेली आहे. उत्तराची वाट पाहते, यापलीकडे आज काही सुचत नाही.

ठकू

---

ता. २५ फेब्रुवारी

सौ. नव्हे, श्री. नव्हे, माझ्या दोन्ही न्यायाधीशांस,

ताईला साष्टांग नमस्कार, ठकूला आशीर्वाद. सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे माझंही चित्त ठिकाणावर राहील.

तुमचं पत्र तेवीस तारखेला आलं. मी वर होतो. चार अक्षरं भरून झाली होती, पाचवं, म्हणजे दुसरा एच, चालू होता. खालून मामीने हाक मारली की ताईंचं पत्र आहे. मी म्हटलं संध्याकाळी वाचू. तिने ऐकलं नाही. रंगाचा डबा वर ओढायची दोरी असते, त्या रिकाम्या डब्यात पत्र घालून तिने दोरीला हिसका दिला. ओढावंच लागलं.

परांचीवर बसून वाचलं. ठकू, तू 'जमिनीवर असताना' असं लिहिलं होतंस, तेही वाचलं. पण ताईची ती वर गेलेली सही पाहिली आणि धीर धरवला नाही. हात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला.

समोर एच होता. फक्त एच, नळकांड्यातून पाहावा तसा, तोही धुरकट. त्याच्या शेजारचा टी, जो मी सकाळीच भरला, तो नाही. परांचीचा बांबू नाही. माझा ब्रश धरलेला हात माझ्याच मांडीवर होता, तो नाही. मी हात काढला, सगळं जागेवर आलं. पुन्हा ठेवला, पुन्हा गेलं. असं किती वेळा केलं माहीत नाही. तिसरा मजला म्हणजे किती उंच, हे मला चाळीस वर्षांत त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी ब्रश सोडून दोन्ही हातांनी बांबू कवटाळला.

खाली मामीला काय ते दिसलंच असणार. ती ओरडली नाही, शहाणी. तळमजल्यावर गिलावा करणारे एक म्हातारे गवंडी होते त्यांना तिने वर पाठवलं. त्यांनी माझ्या कमरेला दोरी बांधली आणि माझ्या डाव्या बाजूला राहून एकेक बांबू मला हाताने दाखवत खाली आणलं. वाटेत म्हणाले की पेंटर, तुम्ही आमच्यात सगळ्यांत ताठ चढायचे, आज उतरताना तेवढेच ताठ उतरा, खाली लोक बघताहेत. ते बोलले म्हणून उतरलो.

आणि तसाच, हाताला निळा रंग, आत गेलो. खिडकीवर तोच कारकून. तो माझं नाव विचारायलाही विसरला, आधी उठून खुर्ची आणली. केसपेपर हातात दिला. ठकू, त्या छापील कागदाच्या माथ्यावर तोच शब्द होता, पहिला एच गाळलेला. आणि मी काही बोललो नाही. माझं लक्षच नव्हतं त्यात.

हनुवटी टेकवली, डोळ्याला ते थंड टोक लागलं, सगळं झालं. डाव्यात दाब छत्तीस, उजव्यात अठ्ठावीस. तुला हे आकडे कळतात, ताईला समजावून सांग. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. डावा जवळजवळ गेला, तो आणणं कुणाच्या हातात नाही. उजव्याची कड झिजायला सुरुवात झाली आहे, पण बराच शिल्लक आहे, आणि तो ठेवता येईल. थेंब त्याच दिवशी सुरू झाले, पुढच्या आठवड्यात उजव्याचं छोटं ऑपरेशन. आणखी वर्षभर असाच ओढला असतात तर हाही गेला असता, म्हणाल्या. उंचीवरचं काम बंद, कायमचं. मी विचारलं की आणि शब्द? त्या म्हणाल्या, शब्द थांबेल.

ताई, तुझं ऐकलं. जरा उशिरा ऐकलं, पण पुरता उशीर झाला नाही. डाव्या डोळ्यासाठी मी काल मोरीत नळ सोडून रडलो. मामीने बाहेरून विचारलं की इतकं पाणी कशाला, तर म्हटलं रंग निघत नाही.

शेवटचं, ठकू. बाईंनी मला घरच्यांबद्दल विचारलं. बहिणीला आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की तुम्ही दोघं भावंडं, म्हणजे तुमच्या मुलाबाळांनी, भाचरांनी सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं, दुखायची वाट न पाहता. मला मूलबाळ नाही. भाचरू एकच आहे. तुझा दाब किती?

उत्तर देशीलच, या भरवशावर पेन थांबवतो.

तुझा मामा

---

ता. ३ मार्च

तीर्थरूप मामांस,

शि. सा. नमस्कार. तुमचं पत्र वाचताना आईने माझं मनगट धरलं होतं, ते तुम्ही खाली पोचेपर्यंत सोडलं नाही. मग बराच वेळ हसली आणि मग रडली. मीही. आकडे समजावले. तुमच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, औषधं तीच दिली आहेत जी आमच्याकडे दिली असती.

थेंब घालताना खालची पापणी हलकेच ओढा, थेंब पडला की डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. वेळ चुकवू नका. ऑपरेशननंतर वाकून काही उचलायचं नाही, मामींना सांगा डबे त्यांनी उचलायचे. डोळा चोळायचा नाही. टीव्ही पाहिला तरी चालेल, पण तुम्हाला तो पाहवतच नाही म्हणा.

आईचे गुडघे बरे आहेत, म्हणजे खरंच बरे, तिच्या समोर लिहिते आहे. नवा शिक्का आला, दोन्ही एच जागेवर. डॉक्टरांनी पहिला छाप तुमच्यासाठी कोऱ्या कागदावर मारून दिला आहे, सोबत जोडते.

लवकर बरे व्हा, आणि आमच्यावरची माया थेंबासारखी नेमाने चालू ठेवा.

आपली ठकू

---

ता. १४ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. उजव्यातला दाब पंधरावर आला. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा मामी दिसली, कपाळाला आठ्या घालून बसलेली. इतकं सुंदर अक्षर मी उभ्या जन्मात काढलेलं नाही.

शब्दही पुरा झाला. कसा ते ऐक. बाईंनी परांची उतरवायला दिलीच नाही, दोन आठवडे तो अर्धा शब्द तसाच भिंतीवर होता. मग मी खाली खुर्चीत बसलो आणि मामी वर गेली. हो, तुझी मामी, एकसष्टाव्या वर्षी, कमरेला दोरी बांधून, गवंडीबाबांच्या सोबतीने! आखणी माझी होतीच, तिने फक्त घरं भरली. मी खालून ओरडायचो की डावीकडे ओघळ आला, ती वरून ओरडायची की मला दिसतंय, तुम्ही गप्प बसा. अख्खा रस्ता आमचा संसार ऐकत होता. शेवटचा वाय तिने माझ्यापेक्षा देखणा काढला. शत्रूलाही कबूल करावं लागेल.

आता तू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. थेंब आहे, कोपरा आहे, शिक्का आहे, टीव्ही आहे. मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं आहे. ठकू, मी या खेळात तुझा गुरू आहे. विनोद करून विषय बदलायची कला तू माझ्याकडूनच उचललीस.

तू त्या यंत्रामागे किती वर्षं बसतेस, बारा? बारा वर्षं रोज लोकांची हनुवटी त्यावर टेकवतेस. स्वतःची कधी टेकवलीस? दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला दिसत नाही आणि आजवर कुणी सांगितलं नाही. मी सांगतो. मला ठाऊक आहे भीती कशाची ते. आईचा हात धरून चालवणारी तूच, उद्या तुझा हात कोण धरणार, हीच ना? ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मी तिसऱ्या मजल्यावर बसून तिच्याकडे पाहिलं आहे. न पाहता ती जास्त मोठी होती.

हे पत्र ताईसमोर वाच. वाचशील, माहीत आहे, तिचे कान कागद मोजतात.

आकडा आल्याशिवाय या घरातून तुला दुसरं पत्र येणार नाही. लोभ आहे म्हणूनच हा रुसवा.

तुझा मामा

---

ता. २१ मार्च

तीर्थरूप मामांस, मामींस,

शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र अठराला आलं. आईने ऐकलं आणि उठून माझी चप्पल शोधून माझ्या पायाशी आणून ठेवली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की मी वाटच पाहत होतो. यंत्राच्या दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर बसले. तिथून खोली वेगळीच दिसते. बारा वर्षं मी लोकांना घाबरू नका म्हणते, आणि हनुवटी टेकवल्यावर कळलं की ते किती निरुपयोगी वाक्य आहे. डॉक्टर आकडा बोलायच्या आधी मी म्हटलं की नका सांगू. मग लगेच म्हटलं सांगा. पेशंट हेच करतात, मला वाटायचं वेडे आहेत.

उजव्यात चोवीस, डाव्यात सव्वीस. वाढलेला आहे. पण कडेच्या नजरेची परीक्षा केली, ती दोन्ही डोळ्यांची पूर्ण आहे, मामा. कुठे एक ठिपकासुद्धा कमी नाही. शिरेला अजून काही झालेलं नाही. थेंब सुरू केले. डॉक्टर म्हणाले की नेमाने घातलेस तर म्हातारपणी आईच्या वयाची होशील तेव्हाही सुई ओवशील.

घरी येऊन आईला दोन्ही आकडे मोठ्याने सांगितले. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, अंगठे माझ्या पापण्यांवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली की जेवायला वाढ.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तुमचीही तेव्हाच ना? माझी तुमच्याकडेच करून घेते, आईलाही घेऊन येते. तिला त्या भिंतीखाली उभं राहून मामींकडून एकेक अक्षर ऐकायचं आहे. कारकुनाला सांगून माझं नाव तुमच्या नावाखाली लिहून ठेवा. बाकावर तुमच्या डाव्या बाजूला मी बसेन.

तुमची ठकू